दोन बोळक्यांचा रहिवासी

मी एक जुना जंतू आहे, मित्रांनो. लगेच नाक मुरडू नका. तुम्ही हे वाचत असताना माझे लाखो भाऊबंद तुमच्याही जिभेवर सुखाने नांदत आहेत. माझा सध्याचा मुक्काम ओरेली नावाच्या मुलीच्या जिभेवर आहे, अगदी मागे, जिथे ती खरखरीत होते तिथे. त्याआधी साठ-सत्तर वर्षं मी तिच्या पणजीच्या जिभेवर राहत होतो. पणजीचं नाव लोरेत. घरात आणि गावात सगळे तिला लोरेतआजीच म्हणत.

मी स्वतःला जुना म्हणवतो, ते जरा समजून घ्या. आमच्यात एकाचं आयुष्य तास-दोन तासांचं. वेळ भरली की आम्ही मधोमध दुभंगतो आणि एकाचे दोन होतो. त्या दोघांत जुना कोण आणि नवा कोण, हे आम्हालाही सांगता येत नाही. म्हणून आमच्यात 'मी' म्हणजे सगळं घराणं आणि घराण्याला जे आठवतं ते मला आठवतं. लोरेत अठरा वर्षांची होती तेव्हाची तिच्या तोंडाची चवसुद्धा मला आठवते. सकाळी पावाची, दुपारी वाटाण्याच्या सूपची आणि वसंतात सहा आठवडे नुसती काकवीची.

हे गाव क्वेबेकमधल्या टेकड्यांवरचं. इथे उसाची नव्हे, मेपलच्या झाडांची काकवी करतात. मार्च महिन्यात दिवसा बर्फ वितळायला लागलं की झाडांना भोकं पाडून रस काढायचा आणि गुऱ्हाळात लांबच लांब कढईत तो आटवायचा. लोरेतच्या माहेरी गुऱ्हाळ होतं आणि सासरीही. त्यामुळे गोडाची आणि आमची ओळख फार जुनी.

तेव्हा तिच्या तोंडात दोन वस्त्या होत्या. आम्ही जिभेवरचे. आम्हाला मऊ, ओली जागा लागते. दुसरे दातांवरचे. त्यांच्यात काही साधे, गरीब होते आणि काही नुसते द्वाड. या द्वाडांना आम्ही चिकटे म्हणतो. साखर मिळाली की ते तिचा डिंक करतात, त्या डिंकाने दाताला चिकटून बसतात आणि बसल्या जागी असं आंबट सोडतात की दगडासारखा दातही हळूहळू मऊ पडतो. मऊ जागेवर त्यांना टिकाव धरता येत नाही. त्यांना कडक जमीन लागते.

लोरेतचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात तिच्या वडिलांनी तिला घोड्यांच्या घसरगाडीतून तालुक्याच्या गावी, दातांच्या डॉक्टरकडे नेलं. एका सकाळीत तिचे सगळे दात काढले. का काढले, ते पुढे तिच्याच तोंडून ऐका. रक्ताची खारट चव आमच्यावरून दिवसभर वाहत होती आणि जीभ बापडी पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागा चाचपत होती. दातांवरची वस्ती उजाड झाली. आम्ही जिभेवर होतो म्हणून वाचलो. चिकटे गेले याचं मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? पण लोरेतचं वाईट वाटलं. उन्हाळ्यात तिला नवी कवळी मिळाली. ती घालून ती लग्नात हसली. वर्षभरात कुठून तरी चिकटे पुन्हा आले आणि त्या कवळीवर बसले.

मग साठ वर्षं गेली. नवरा गेला, मुलगा आणि सून अपघातात गेली आणि त्यांचा मुलगा बेनुआ याला लोरेतआजीनेच वाढवलं. गुऱ्हाळ बेनुआकडे आलं. त्याने मिरेय नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि जून महिन्याच्या शेवटी त्यांना ओरेली झाली.

मित्रांनो, नुकत्या जन्मलेल्या बाळाचं तोंड कसं असतं, हे आमच्यासारख्यालाच ठाऊक. कोरं असतं. ना कुणाचं घर, ना कुणाची वाट. पहिल्या काही दिवसांत तिथे जे पोहोचतात त्यांची जागा पक्की होते. मिरेयकडचे आमचे चुलतभाऊ दुधाबरोबर आधीच येऊन बसले होते. मी तिसऱ्या दिवशी आलो. ओरेलीची रबरी चोखणी जमिनीवर पडली, आजीने ती उचलली, स्वतःच्या तोंडात घालून साफ केली आणि पुन्हा बाळाच्या तोंडात दिली. ही इथली जुनी रीत. मिरेयने पाहिलं आणि मान फिरवली. एका बोळक्यातून निघालो तो मी दुसऱ्या बोळक्यात येऊन पडलो. माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवास एवढाच.

ते पहिले सहा महिने आमच्या सुखाचे होते. ऊबदार जीभ, मऊ हिरड्या, दर तीन तासांनी दूध. आम्ही दूध खाऊन थोडं आंबट सोडायचो. तिसऱ्या महिन्यात आमचं आंबटच खाऊन जगणारे दुसरे शेजारी आले, त्यामुळे कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं. आमच्यातले काही जण तर आंबटपणा मारणारं औषधही करतात. चौथ्या महिन्यात लाळेचा पूर आला. आजी म्हणायची, एवढ्या पाण्यात तर गिरणी चालेल. ओरेली हाताला लागेल ते तोंडात घालायची, त्यामुळे रोज नवे पाहुणे यायचे. बहुतेक एक-दोन दिवस राहून निघून जायचे. मला कुणाचाच त्रास नव्हता.

डिसेंबरात खालचे दोन दात आले. मार्च उजाडता उजाडता वरचे चार पटाशीचे दात हिरडी फाडून बाहेर पडले. तांदळाच्या कणीएवढे, पांढरेशुभ्र. आमच्या मऊ जगात पहिल्यांदाच कडक जमीन दिसली. आधी तिथे साधे, गरीब लोक राहायला आले. ते तेवढेच राहिले असते, तर मला ही कहाणी सांगायची वेळ आली नसती.

नेमका त्याच आठवड्यात रस वाहायला लागला. रस कुणासाठी थांबत नाही. बेनुआ पहाटेपासून जंगलात असायचा. गुऱ्हाळाला लागून जेवणघर होतं. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना सूप, हॅम, घेवडा आणि काकवीतली अंडी वाढण्यात मिरेय बुडून गेली. कढई मात्र आजीची. पळी वर उचलायची, काकवी काठावरून थेंबाथेंबाने न पडता पडद्यासारखी उतरली की झाली. आणि तरी जिभेच्या टोकाने चाखल्याशिवाय ती कढई उतरू द्यायची नाही. साठ वर्षांत तिचा एक घाणा करपला नव्हता. ओरेलीची टोपली कढईपासून चार हात लांब, आजीच्या नजरेसमोर ठेवलेली असायची.

ओरेलीच्या हिरड्या ठणकत होत्या. ती रडायची. आणि कढई अशी चीज आहे की क्षणभर पाठ फिरवली तर जळते. पहिल्या दिवशी आजीने चोखणी काकवीत बुडवली. काकवी गरम असेल, पोराचं तोंड भाजेल, म्हणून आधी स्वतः चाटून पाहिली आणि मग ओरेलीच्या तोंडात दिली. रडणं थांबलं. ओरेली हसली आणि चोखता चोखता झोपली. आजीलाही तिच्या आईने असंच झोपवलं होतं आणि बेनुआला आजीने. एप्रिल संपेपर्यंत ती चोखणी दिवसातून आठ-दहा वेळा काकवीत बुडू लागली.

वर्षाची होईपर्यंत गोड द्यायचं नाही, असं मिरेयने निक्षून सांगितलं होतं. आजीने मान डोलावली होती. एवढंसं तर देतेय, असं ती स्वतःशी म्हणायची आणि मिरेयची चाहूल लागली की चोखणी ॲप्रनला पुसायची.

त्या चोखणीवरून कवळीवरचे चिकटे आले. आजीच्या मायेनेच ते आले, हे मला आजही बोलवत नाही. त्यांना कडक जमीन मिळाली आणि वर गोडाचा पूर मिळाला. झोपेत लाळ कमी होते. चार पटाशीचे दात ओठाखाली तासन्‌तास काकवीत बुडालेले असायचे. आमचे आंबट खाणारे शेजारी थकले, आमची औषधं पुरेनात. आणि मी सोवळेपणाचा आव आणणार नाही, मित्रांनो. ती काकवी मीही खाल्ली. समोर आलेलं नको म्हणायला आम्हाला येत नाही.

जूनमध्ये ओरेली वर्षाची झाली. लस टोचायला मिरेय आणि आजी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथे सोलांज नावाची बाई लहान मुलांचे दात तपासते. तिने आजीला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. ओरेलीला दोघींच्या मांड्यांवर आडवं निजवलं, डोकं सोलांजकडे आणि पाय आजीकडे. मग सोलांजने बोटाने वरचा ओठ उचलला आणि जवळ वाकून पाहिलं.

हिरडीला लागून चारही दातांवर खडूने ओढावी तशी पांढरी, निस्तेज रेघ होती.

तिने शांतपणे समजावलं. दात अजून फुटलेले नाहीत, फक्त वरून मऊ पडले आहेत. रोज दोनदा ओल्या फडक्याने पुसायचे, झोपताना तोंडात गोड राहता कामा नये, तीन-चार महिन्यांनी ती दातांवर फ्लोराइडचा लेप लावेल. हे सगळं झालं तर दात पुन्हा कडक होतील. नाही झालं तर रेघ तपकिरी होईल आणि मग ओरेलीला भूल देऊन चारही दात काढावे लागतील. "ऑक्टोबरात पुन्हा आणा," ती म्हणाली. "तेव्हा कळेल."

काढावे लागतील, हा शब्द ऐकला तेव्हा आजीच्या मांडीवर ओरेलीचे पाय होते. आजीने ते घट्ट धरले. इतके घट्ट की ओरेली कुरकुरली.

त्या घरी आल्या. स्वयंपाकघरात बेनुआ होता. मिरेयने त्याला सगळं सांगितलं, मग आजीसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"आजी, काकवी दिलीत ना तुम्ही तिला?"

आजी खुर्चीत बसली. मग म्हणाली, "दुधाचेच तर दात आहेत, पोरी. आज ना उद्या पडायचेच."

"सहा-सात वर्षांनी पडायचेत. तोवर काय करायचं तिने? बोळकं घेऊन शाळेत जायचं?"

बेनुआ मध्ये पडला. म्हणाला, "मिरेय, जरा सांभाळून बोल. आजीचे स्वतःचे दात तरुणपणीच सडून गेले होते. तिला काय कळणार त्यातलं?"

तेव्हा आजीने तोंडात हात घातला, कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. इतक्या वर्षांत तिने कुणासमोर असं केलं नव्हतं. तिचे गाल आत गेले. ती बोलायला लागली तेव्हा शब्द मऊ पडत होते, तरी एकूण एक कळत होता.

"सडले नव्हते," ती म्हणाली. "अठ्ठावीस दात काढले माझे. त्यातले किडलेले होते तीन. बाकीचे चांगले होते. मजबूत होते."

बेनुआला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"माझ्या बापाने लग्नाची भेट दिली मला. पुढे दातांचं दुखणं नको, नवऱ्याला त्याचा ताप नको. सगळ्याच मुलींचे काढायचे तेव्हा. माझ्या बहिणीचे काढले, मामेबहिणीचे काढले. मला कुणी विचारलं नाही. मी पण विचारलं नाही कुणाला." तिने टेबलावरची कवळी जराशी सरळ केली. "अंगणात सफरचंदाचं झाड आहे. साठ वर्षं मी त्याची सफरचंदं चिरून खाल्ली. दात लावून नाही खाल्लं कधी. कवळी निघून येते. आता माझ्याच हाताने या पोरीचे चार जाणार असतील, तर..."

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं तुमच्यात म्हणतात ना? झाड मात्र दर वर्षी लदबदून येत होतं. मी तिच्या जिभेवर होतो, पण ही गोष्ट तिने तोंडावाटे कधी बाहेर पडू दिली नव्हती.

मिरेय टेबलाजवळ आली. मग तिने कवळी उचलली, नळाखाली स्वच्छ धुतली आणि आजीच्या हातात दिली. म्हणाली, "संध्याकाळचं फडकं तुम्ही फिरवाल? सकाळचं मी फिरवीन." आजीने मान डोलावली. या वेळी ते खोटं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एक संध्याकाळ चुकली नाही. आजीचा हात थरथरायचा, म्हणून ती कोपर टेबलावर टेकवायची. बोटाला ओलं फडकं गुंडाळायची, ओरेलीचा ओठ वर करायची आणि एकेक दात पुसायची. ओरेली चावायची. सहा-सात दात झाले होते तिला, चांगले लागायचे. आजी म्हणायची, "चाव, चाव. चावता येतंय तोवर चाव." चोखणी कधीच हद्दपार झाली. घरात दोन चमचे झाले, एक चाखायचा आणि एक भरवायचा. आजी आपली कवळीही रोज घासायला लागली. फडक्याबरोबर आमचेही हजारो गेले, मित्रांनो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्हाला मारून टाका असं मी म्हणत नाही आणि तसं तुम्हाला जमणारही नाही. पण आम्हाला आवरत राहा. रोज आवरलं तर आम्ही चांगले शेजारी आहोत. गोड मिळेनासं झालं तसे चिकटे रोडावले आणि ते साधे, गरीब लोक पुन्हा दातांवर दिसू लागले.

ऑक्टोबरात पुन्हा गुडघ्याला गुडघा लागला. सोलांजने ओठ उचलला, नखाने दात हलकेच खरवडून पाहिला. तीन दात कडक झाले होते, चमकत होते. चौथ्यावर, डावीकडच्या, मोहरीएवढा तपकिरी ठिपका उरला होता. पण तोही कडक होता. काढायचं काही कारण नाही, ती म्हणाली. आजीने विचारलं, "नक्की?" सोलांज म्हणाली, "नक्की." आजीने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मिरेयने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर आजी थेट अंगणात गेली. झाडावर शेवटची सफरचंदं होती. तिने एक पिकलेलं तोडलं, बाहीला पुसलं आणि खुर्चीत बसून ओरेलीला मांडीवर घेतलं. मिरेयने सवयीने सुरी आणली. आजीने ती परत पाठवली. अख्खं सफरचंद तिने दोन्ही हातांनी ओरेलीच्या तोंडासमोर धरलं. ओरेलीने चारही दात रोवले. करकन आवाज झाला. एवढासा तुकडा निघाला आणि गोड-आंबट रस आमच्यावरून वाहून गेला. ओरेली चघळत होती आणि आजी कान देऊन तो आवाज ऐकत होती. मग ती रडली. ओरेलीने ओलं सफरचंद तिच्या तोंडाला लावलं, तर ते तिने चाटलं नाही. हळूच बाजूला केलं आणि ओरेलीच्या डोक्याचा मुका घेतला.

लोरेतआजी चार वर्षांनी, रस वाहायला लागायच्या आधी गेली. तिच्या जिभेवरचं माझं घराणं तिच्याबरोबर मातीत गेलं. इथलं तेवढं उरलं.

गेल्या महिन्यात ओरेलीचा तो ठिपक्याचा दात हलायला लागला. आठवडाभर मी तिच्याबरोबर त्याला ढकलत होतो. जिभेचं कामच ते. एका सकाळी नाश्त्याला बसल्यावर तो तिच्या तळहातावर पडला. रक्ताचा एक थेंब आला, तोच जुना खारट. ओरेलीने घाबरून विचारलं, "आई, कुणी काढला?"

"कुणी नाही गं," मिरेय म्हणाली. "वेळ झाली त्याची. आपणहून पडला."

मिरेयने कपाटातून आजीची कवळी ठेवायची डबी आणली. ती अजून कुणी टाकली नव्हती. तो दात तिने त्या डबीत ठेवला. रिकाम्या जागेवरून जीभ फिरली आणि मला तिथे नव्या दाताची कड लागली.

मित्रांनो, बाळाच्या तोंडात आम्ही आपल्या पायांनी जात नाही. कुणाच्या तरी प्रेमाने जातो. चमच्यावरून, चोखणीवरून, मुक्यावरून. ते प्रेम तुम्ही थांबवू नका. फक्त रोज संध्याकाळी, कोपर टेकवून, ते एवढेसे दात पुसत जा. ते आपणहून पडेपर्यंत.